तिरप्या कोपऱ्याचे शालिककाकाजी

लग्नाला गेल्यावर तुम्ही काय पाहता? नवरी, जेवणाची पंगत, की नवरदेवाच्या बुडाखालच्या चादरीचा कोपरा?

हसू नका, मी गंभीरपणे विचारते आहे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, तुमसरच्या एका लॉनवर, मंगलाष्टकं संपून लोक आहेराचे डबे घेऊन रांगेत उभे असताना शालिकराम बांते नावाचे सत्तरीला टेकलेले गृहस्थ स्टेजवर चढले. हातात डबा नव्हता, पाकीट नव्हतं. ते सरळ नवरदेवासमोर वाकले. नवरदेवाला वाटलं हे पाया पडताहेत, म्हणून तो बिचारा घाईनं त्यांच्याच पाया पडायला उठला.

"हां, उठला ते बरं केलं बेटा," काकाजी म्हणाले आणि त्यांनी सोफ्यावरच्या लाल चादरीचा काठ उलटा केला.

"काही हरवलं का काकाजी?"

"हरवलं नाही, बिघडलं हाय. हे पाय. ही पट्टी त्या पट्टीच्या मुंडक्यावर बसून राहिली. कोपरा पाय, माणूस समजते. कोनं शिवलं हे?"

नवरदेव गोंदियाचा होता. त्याला काय माहीत! फोटोग्राफरनं मात्र तो क्षण टिपला. आजही त्या अल्बममध्ये नवरा, नवरी आणि मधोमध चादरीत डोकं घातलेले शालिककाकाजी असा एक फोटो आहे.

काकाजी आमचे शेजारी. त्यांचं 'कोपरा पाय', म्हणजे कोपरा पाहा, हे म्हणणं मला सुरुवातीला समजलं नव्हतं, म्हणून तुम्हालाही नीट सांगते. गोधडीला चारी बाजूंनी रंगीत कापडाचा काठ लावतात. दोन पट्ट्या जिथे भेटतात तो कोपरा. तिथे सरळ जोड दिला तर एक पट्टी शेवटपर्यंत जाते आणि दुसरी तिच्या पोटाशी येऊन थांबते. तिरपा जोड दिला तर दोन्ही पट्ट्या सारख्याच पुढे येतात आणि बरोबर मधोमध, फोटोच्या चौकटीसारख्या, एकमेकींना भेटतात. काकाजींच्या लेखी जग दोन भागांत वाटलेलं आहे. तिरप्या कोपऱ्याची माणसं, आणि बाकीचे.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेटून उठले होते. माझा दोष नाही. माझे बाबा छापखान्यात कामाला होते. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. संपाची, मोर्च्याची, निवडणुकीची, नळाला पाणी येत नाही याची. मी अक्षरं शिकले ती 'बंधू आणि भगिनींनो' वरून. त्यामुळे सरळ जोडात एक पट्टी दुसरीचा कोपरा गिळते हे कळताच मी म्हणाले, "म्हणजे काकाजी, तिरपा जोड म्हणजे समान वाटा! कोणी वर नाही, कोणी खाली नाही!"

काकाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तसं काही नाही पोरी. सरळ जोड जाड होते. झोपल्यावर पायाले टोचते."

काकाजींची सारी हयात राइस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवण्यात गेली. हातात दाभण, कमरेला सुतळीचं गुंडाळं. भरलेला कट्टा समोर आला की सपासप टाके, दोन्ही टोकांना सशाच्या कानासारख्या गाठी, की पुढचा कट्टा. मग मिलमध्ये हाताएवढं शिलाई मशीन आलं आणि काकाजी घरी आले. निरोपाच्या वेळी मालकानं शाल खांद्यावर टाकली, तर यांनी ती तिथेच काढून काठ तपासला. म्हणे, "शाल चांगली हाय. काठ मी घरी दुरुस्त करून घेईन."

आता कौसल्याकाकू. काकाजींच्या पत्नी, आणि या भागात ज्यांचं नाव घेतल्यावर लोक 'हो, त्या गोधडीवाल्या' म्हणतात त्या. बाळाचं बारसं असो, मुलगी सासरी जायची असो, तुमसरपासून लाखनीपर्यंतच्या घरांत 'कौसल्याबाईची गोधडी' हवी असते. नुसती गोधडी म्हणून चालत नाही. जुनी लुगडी, साड्या, धोतरं लोक गाठोड्यात बांधून आणतात. काकू ती उलगडून हात फिरवतात आणि सांगतात, "हे तुमच्या सासूचं दिसते. हे मंधात घालू. बाळाच्या पाठीले नरम लागन." त्यांचं नाव हीच त्यांची कमाई. शाळा त्यांनी पाहिली नाही, गाव सोडून त्या फारशा गेल्या नाहीत. पण चाळीसेक वर्षांत या पट्ट्यात जन्मलेली अर्धीअधिक माणसं त्यांच्या हाताखाली निजलेली आहेत असं म्हटलं तरी चालेल. मीसुद्धा.

अशा बाईला एके सकाळी, अंगणात चार बायका बसलेल्या असताना, काकाजी काय म्हणाले माहीत आहे? मिल सुटून त्यांना जेमतेम महिना झाला होता.

"आजपासून काठ मी लावीन. तुले कोपरा जमत नाही."

मी तिथेच होते. बायकांच्या हातातले कप थांबले. ज्या माणसानं जन्मभर फक्त पोत्याचं तोंड शिवलं, तो कौसल्याबाईंना सांगतोय! मला वाटलं आता काकू त्याच दाभणानं उत्तर देतील. पण त्या फक्त म्हणाल्या, "लावा मंग."

एवढंच. त्या दिवसापासून मी काकाजींच्या विरोधात गेले.

पहिली गोधडी त्यांनी बिघडवलीच. जेवढी बाजू तेवढीच पट्टी कापली. सुतळीच्या हिशेबानं ते बरोबर होतं, पण तिरप्या कोपऱ्याला पट्टी दोन्ही टोकांना वाढीव लागते. चारी कोपरे उघडे पडले. गोधडी दाढी अर्धवट सोडलेल्या माणसासारखी दिसत होती. मग त्यांनी सराव सुरू केला. घरातल्या प्रत्येक वस्तूला काठ लागला. पायपुसणं, माठावरचं झाकण, टीव्हीची चादर, गॅसच्या सिलिंडरचा झगा. थंडीत शेळीच्या पाठीवर टाकायचं पोतं होतं, त्यालासुद्धा हिरवा काठ आणि चार तिरपे कोपरे आले. ती शेळी गल्लीतून चालायची तेव्हा तुमसरमध्ये तिच्याएवढं नीटनेटकं कोणी नसायचं.

पण एक मान्य करते. तीन-चार महिन्यांत ते शिकले. आता त्यांचं काम पाहणं हा एक सोहळा असतो. पट्टी बाजूला जोडत आणायची, आणि कोपरा बोटभर राहिला की टाका थांबवायचा. दुसऱ्या बाजूनंही तसंच. मग दोन मोकळी टोकं उरतात, शेपट्यांसारखी. चौकोनी कागदाची कर्णावर घडी घालून ती कोपऱ्यावर ठेवायची, तिच्या कडेनं खडूची रेघ, आणि आतून बाहेरच्या बाजूला बारीक टाके. शेवटी जास्तीचं कापड छाटून, गरम पाण्यानं भरलेल्या पितळी लोट्यानं तो जोड दाबायचा. सूतभर चुकलं की काठ तोंड वाकडं करतो. न चुकलं तर रेघ अशी येते, की दोन पट्ट्या तिथे जन्मल्याच असाव्यात.

आणि त्या वेळी तोंड सुरूच. "टेंटवाल्याले सांगतलं मी, तुह्या मांडवाले कोपराच नाही. तो म्हणे, काकाजी मांडवाले छत पाहिजे, कोपरा कायले? हे पाय, असे लोक!" फोटोफ्रेमचं दुकान असलेल्या माणसाचा मात्र त्यांना फार आदर. त्याच्या दुकानासमोरून जाताना ते देवळासमोरून जावं तशी मान हलवतात.

या सगळ्यात एक वाक्य दिवसातून दोनदा तरी यायचं. गिऱ्हाईक आलं की, शेजारीण आली की, पोस्टमन आला तरी. "आमच्या बाईले कोपरा जमत नाही, म्हणून मले करा लागते." काकू मधल्या भागावर धावदोरा घालत खाली मान घालून बसलेल्या. माझी कानशिलं तापायची.

एकदा मोहाडीहून एक ताई गोधडी न्यायला आल्या. उलगडून पाहिली आणि म्हणाल्या, "काकू, पहिले तुमचे टाके सरळ रेघेत राहत. हे तर वाकडेतिकडे दिसून राहिले."

काकू काही बोलायच्या आत काकाजी उडी मारून उभे. "वाकडे? ताई, ही वैनगंगा हाय! नदी कधी सरळ जाते काय? सरळ जाते तो कालवा. तुमाले नदी पाहिजे का कालवा?"

ताई गोंधळल्या. "नदी," त्या म्हणाल्या.

"मंग! नवीन डिझाइन हाय. पोरगं असं झोपन, जसं नावेत."

ताई खूश होऊन गेल्या. पुढच्या महिन्यात तीन बायका आल्या त्या 'वैनगंगेची गोधडी' मागतच. मला वाटलं, पाहा, काकूंच्या डिझाइनचंही श्रेय यांनी बोलून बोलून पळवलं.

आणि मग गेल्या पावसाळ्यात तो प्रकार झाला.

काकूंची एक रीत आहे. गोधडीचा शेवटचा टाका घालण्याआधी चारी कोपऱ्यांत तांदळाचे दोन-दोन दाणे ठेवायचे. गोधडी उपाशी राहू नये, तिच्याखाली झोपणारा उपाशी राहू नये. कोपरे काकाजींकडे गेले तसे हे दाणेही त्यांच्याकडे गेले. आता मिलमध्ये जन्म काढलेला माणूस! तांदळाकडे त्यांनी कधी धान्य म्हणून पाहिलंच नाही. त्यांच्या मते धान सोलून मारलं की तांदूळ होतो. त्यांनी तांदळाऐवजी धान ठेवलं, टरफलासकट, निवडलेलं, बियाण्याचं. काकूंना सांगितलं नाही.

लाखनीच्या एका शिक्षिकेनं अशी गोधडी नेली. ऐन पावसात बाळानं ती भिजवली, तिनं धुतली. चार दिवस ऊन नाही. गोधडी खाटेवर दमट, उबदार, गुंडाळलेली. आमच्याकडे शेतकरी बियाणं भिजवून पोत्यात दाबून ठेवतो तेव्हा हेच तर करतो!

शिक्षिका गोधडी घेऊन बसनं आल्या. अंगणात उलगडली. दोन कोपऱ्यांतून बोट-बोटभर हिरवेगार कोंब वर आले होते.

"काकू," त्या म्हणाल्या, "गोधडी उगवली."

काकूंनी कोंबांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "काय टाकलं होतं जी?"

"धान."

"मी जिंदगीभर तांदूर टाकत आली ना!"

"तांदूर मेलेला रायते. बाळाच्या गोधडीत मेलेला दाना कायले टाका लागते?" आणि मग काकाजी गुडघ्यावर बसून कोंब निरखू लागले. "काय उगवण हाय! मास्तरीनबाई, हे बाकीचे दोन कोपरे कोन्या बाजूले होते वो? भिंतीकडे होते काय? म्हणून नाही उगवले. बी काही खराब नव्हतं."

शिक्षिका भल्या. त्या हसत सुटल्या. पण गोष्ट बाजारात गेली. "का जी काकाजी, यंदा धानाची रोवणी गोधडीतच काय?" "पाणी कोण्या तलावाचं घेतलं?" हे टोमणे एक वेळ चालले असते. पण दोन घरांनी दिलेली गाठोडी परत नेली. एक बाई तोंडावर म्हणाली, "आता कौसल्याबाईचं पयल्यासारखं नाही राहिलं." काकूंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. कप तसाच, साय धरून पडला होता.

बस. चाळीस वर्षांचं नाव एका हट्टी म्हाताऱ्याच्या हौसेपायी जाणार होतं, आणि मी पाहत बसणार? मी पत्रक लिहिलं.

मथळा होता, 'श्रम तिचे, मिरवणार तो?' खाली मागण्या. कौसल्याबाईंचा काठ कौसल्याबाईंना परत मिळालाच पाहिजे. 'तुले कोपरा जमत नाही' हे वाक्य मागे घेतलं गेलंच पाहिजे. पन्नास प्रती काढल्या आणि गल्लीभर वाटल्या. लपूनछपून करायचं नाही हे आमच्या घरचं तत्त्व, म्हणून पहिली प्रत काकाजींच्याच हातात दिली.

त्यांनी चष्मा लावून उभ्याउभ्या वाचली. मग मागून पाहिली. कागद अंगठा आणि बोटात चोळला. कर्णावर घडी घातली, जास्तीचा भाग फाडून टाकला आणि कोन डोळ्यासमोर धरला.

"कागद कडक हाय. कोन बरोबर निघते. अजून हायेत काय?"

"काकाजी, तुम्ही वाचलं ना?"

"वाचलं ना. चांगलं लिवलं. दहा दे."

दुसऱ्या दिवशी माझ्या मागण्या चारी कोपऱ्यांवर उलट्या पडल्या होत्या आणि त्यांच्या कडेनं खडूच्या रेघा चालल्या होत्या.

मी हरणारी नव्हते. आमच्या बचत गटाचं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. दिवाळीआधी तालुक्यातल्या गटांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मी कार्यक्रमात एक ओळ घातली : 'सुप्रसिद्ध गोधडीकार श्रीमती कौसल्याबाई बांते स्वतः काठ लावून दाखवतील.' 'स्वतः' खाली रेघ.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कायले वो पोरी? राहू दे ना."

"काकू, तुमचं नाव परत आणायचं आहे. एकदा सगळ्यांसमोर तुम्ही काठ लावला, की कोणी बोलणार नाही."

"नाव..." त्या म्हणाल्या आणि गोधडीवर हात फिरवत राहिल्या. "नाव जाऊ नाही, हे तर खरं हाय."

याला मी होकार समजले. आज लिहिताना कळतं की तो होकार नव्हता. पण ज्याच्या बाजूनं आपण लढतो त्याला विचारायचं असतं, हे कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी काकाजी दुरुस्त केलेली गोधडी द्यायला लाखनीला जाणार होते. मी मुद्दाम तोच दिवस साधला होता.

हॉल भरला होता. एका बाजूला पापड-कुरड्या, एका बाजूला कोसा रेशमाची वस्त्रं, मध्ये स्टेज. स्टेजवर सतरंजी, सतरंजीवर काकू, समोर निळी गोधडी आणि लाल पट्ट्या. मी त्यांच्या शेजारी, हातात माइक. मी बोलले. चांगलं बोलले. बाईच्या हातावर जग उभं आहे, आणि तो हात कोणी पाहत नाही, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. "आणि आता तोच हात आपण पाहणार आहोत!"

काकूंनी सुई उचलली.

मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते. मनगटापासून खाली त्यांचा हात थरथरत होता. थंडी नव्हती. घाबरून होतं तसंही ते नव्हतं. सुईचं टोक खडूच्या रेघेवर यायचं आणि भरकटायचं, पुन्हा यायचं, पुन्हा भरकटायचं. मधल्या भागात तो थरकाप खपून जातो. त्याची नदी होते. कोपऱ्यात नदी चालत नाही. सुई त्यांच्या बोटात गेली. त्यांनी पदर ओढून हात झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"तू बोलत राय," त्या पुटपुटल्या. "बोलनं थांबवू नको पोरी."

आणि मी, जिला जन्मात कधी शब्द कमी पडले नाहीत, माइक खाली घेतला. समोर कुजबुज सुरू झाली. मागच्या बायका उंच होऊन पाहू लागल्या. "काय झालं वो? शिवून काहून नाही राहिली?"

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"थांबा! कोनं हात लावला माह्या काठाले?"

शालिककाकाजी! बगलेत लाखनीची गोधडी तशीच. बसस्टँडवर त्यांनी कार्यक्रमाचं पत्रक वाचलं होतं. ते तिथे मीच चिकटवलं होतं. चपला घालूनच ते स्टेजवर चढले.

"या बाईले कोपरा जमत नाही! कितीदा सांगू? तिले बशवलं कोनं इथं?"

हॉल खवळला. "का जी काकाजी, लाज नाही वाटत?" "उतरा खाली!" "बाईचा कार्यक्रम हाय, तुमचं काय काम?" आमच्या शेजारच्या शेवंताबाई पापडाच्या स्टॉलवरून सगळ्यांत मोठ्यानं ओरडल्या, "रोवणी झाली काय काकाजी?"

"झाली! निंदनही झालं! कापनीले येजो!" काकाजी ओरडले, आणि हॉल हसून फुटला.

हसणाऱ्या लोकांचे डोळे वर असतात. तेवढ्या वेळात ते खाली बसले. आणि कसे बसले ते मी पाहिलं. बायकोच्या बरोबर समोर, लोकांकडे खांदा करून, की हॉलमधल्या कोणालाही काकूंचे हात दिसू नयेत. माझ्या हातातला माइक ओढून त्यांनी सतरंजीवर ठेवला. पट्टी उचलली. "आता पाहा. कोपरा पाय, माणूस समजते."

काकूंनी दोन्ही हात गोधडीखाली घेतले. आणि मग त्यांचा आवाज आला, हळू, पण माइक जवळ असल्यानं सगळ्यांना ऐकू येईल असा.

"तिरपं घ्या."

काकाजींनी तिरपं घेतलं.

"आनखी. थांबा. एक सूत मागं."

काकाजी एक सूत मागे आले.

"तिकडची शेपटी खाली. वरची नाही जी, खालची! मिलमध्ये हाय काय?"

"खाली घेतली ना बाप्पा."

"आता आतून बाहेर. बारीक."

ज्या माणसाला टेंटवाला, पोस्टमन, नवरदेव, कोणीच कोपऱ्याबद्दल एक अक्षर सांगू शकत नव्हतं, तो माणूस शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोत्याची तोंडं शिवणाऱ्याला तिरपा कोपरा शिकवला कोणी? ही अक्कल कोणाची, ही नजर कोणाची? काठ कौसल्याबाईंचाच होता. एकही दिवस तो त्यांच्याकडून गेला नव्हता. गेले होते फक्त हात, आणि ते त्यांनी नवऱ्याचे वापरायला घेतले होते.

लोट्यानं दाबून काकाजींनी कोपरा वर धरला. काय रेघ होती! टाळ्यांमध्ये कोणीतरी ओरडलं, "वा काकू! कामाले लावलं बुढ्याले!" काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या सतरंजीजवळ सात गाठोडी जमा झाली.

मी शेवंताबाईंकडे गेले. त्या उरलेले पापड डब्यात भरत होत्या. "शेवंतामावशी, काकूंचा हात..."

"हळू बोल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुले आज समजलं? तीन वर्षं झाले वो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या गल्लीले मालूम हाय. सुई पडू लागली तवा कौसल्यानं सुई-दोरा पेटीत टाकला, म्हणे आता गोधडी सोडली. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी यानं आंगनात आमच्यासमोर भांडन काढलं, तुले कोपरा जमत नाही म्हणून. कोपरा! समजलं काय? बाकी सारं जमते, असं."

"मग तुम्ही सगळ्या त्यांच्यावर एवढं का ओरडता?"

शेवंताबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिकलेल्या माणसाकडे पाहतात.

"आम्ही नाही भांडलो तर तो कोनाशी भांडन? अन् त्याचं भांडन बंद झालं, का साऱ्यायचं ध्यान तिच्या हाताकडे जाईन."

मी माफी मागायला गेले, तर काकाजींनी ऐकूनच घेतली नाही. म्हणाले, "माफी गिफी राहू दे. तुह्या पत्रकाच्या चौकटीचे कोपरे सरळ होते, ते पयले सुधर." काकूंना विचारलं, हे सगळं लिहू का? त्या धाग्याला गाठ मारायची खटपट करत होत्या. तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली. मी मदत केली नाही. तेवढं मी शिकले आहे.

"लिही," त्या म्हणाल्या. "नाव बराबर टाकजो माहं. ह्यायची चिंता नको करू. हे कागद वाचत नाही, घडी घालते."

म्हणून लिहिलं. आणि पत्रकांवर वाढलेल्या पोरीला मागणीशिवाय लेख संपवता येत नाही, तेव्हा माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या पेटीत आईचं एखादं लुगडं पडून असेल तर ते घेऊन तुमसरला या. 'कौसल्याबाईची गोधडी पाहिजे' असं दारातच मोठ्यानं म्हणा. मग काकाजींकडे वळा आणि ठणकावून सांगा की सरळ जोडच चांगला, तिरप्याची नसती उठाठेव कशाला? ते चिडतील, उठतील, चार गोधड्या उलगडून दाखवतील. तुम्ही हटू नका. तासभर भांडा, मनापासून भांडा. फक्त त्या तासभरात काकूंच्या हातांकडे पाहू नका.